ठरवलं कुणी?

प्रिय मुली,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला वेळ लागला. लगेच लिहिलं असतं तर रागात लिहिलं गेलं असतं, आणि तो राग तुझ्यावर नव्हता.

तुला यादी हवी आहे. अराजकवाद्यांची, म्हणजे राज्यसंस्था आणि वरून लादलेली सत्ता नको म्हणणाऱ्यांची, पुस्तकं कोणती, सिनेमे कोणते, गाणी कोणती, त्यातलं अस्सल कुठलं आणि विकलं गेलेलं कुठलं, कुठून सुरुवात करायची. आणि पत्राच्या शेवटी, जणू सहज आठवलं म्हणून, तू लिहितेस की तुमच्या गटात ज्याचं वाचन सगळ्यांत जास्त तोच हल्ली सगळं ठरवतो. पुढचा सिनेमा तोच निवडतो, चर्चा कुठे थांबवायची तेही तोच. त्याला कुणी निवडून दिलेलं नाही. कुणी काही बोलतही नाही, कारण त्याच्याइतकं वाचलेलं कुणी नाही. तुला वाटतं, तूही तेवढं वाचलंस तर बोलायचा हक्क मिळेल.

मिळेल कदाचित. मग गटात दोन राजे होतील, आणि बाकीचे आणखी गप्प बसतील.

म्हणून यादी देत नाही. राज्यसंस्था का नको, मालकी कुठून आली, परस्पर साहाय्य म्हणजे काय, हेही सांगत बसत नाही. ते पटलं आहे म्हणूनच तू लिहिलंस. मी तुला एक प्रश्न देते आणि तोच या पत्रात पुन्हा पुन्हा विचारणार आहे, कंटाळलीस तरी. पुस्तक वाच, सिनेमा बघ, गाणं ऐक, आणि दर वेळी विचार: ठरवलं कुणी? गोष्टीच्या आत कोण ठरवतं, आणि ती गोष्ट घडवताना, छापताना, विकताना कुणी ठरवलं. लेखक स्वतःला काय म्हणवतो याने मला फारसा फरक पडत नाही. मुखपृष्ठावर अराजकवाद्यांचा काळा झेंडा असला तरी नाही.

उर्सुला ल ग्विनची 'द डिस्पझेस्ड' तू वाचली आहेस असं लिहितेस. १९७४ ची कादंबरी. तुला त्यातलं काय आठवतं? अनारेस हा रखरखीत चंद्र, तिथे कायदा नाही, पोलीस नाहीत, तुरुंग नाहीत, सगळं सगळ्यांचं. हे आठवतं ना? मला सबूल आठवतो. शेवेक हा तिथला बुद्धिमान भौतिकशास्त्रज्ञ, आणि त्याचं काम छापलं जाण्याची वाट सबूलच्या टेबलावरून जाते. सबूलला कुठलंही पद नाही, पण छापायचं काय ते त्याच्या हातात आलेलं आहे. शेवेकचं पुस्तक निघतं तेव्हा त्यावर सबूलचंही नाव असतं. आणि टिरिन आठवतो, ज्याने एक नाटक लिहिलं, ते लोकांना रुचलं नाही, आणि कुठलाही कायदा नसलेल्या त्या समाजाने त्याला झोडपून झोडपून शेवटी वेड्यांच्या इस्पितळापर्यंत नेलं. त्या नाटकाबद्दल कुणी ठरवलं? कुणीच नाही. म्हणून कुणाशी भांडताही येत नव्हतं. अराजकवादावर प्रेम असलेल्या बाईने हे लिहिलं आहे, शत्रूने नाही, आणि म्हणून मी ते पुस्तक सगळ्यांत वर ठेवते. शेवेक काय करतो तेही बघ. तो सबूलपेक्षा मोठा विद्वान होऊन त्याची जागा घेत नाही. चारचौघांना जमवतो आणि स्वतः छापायला लागतो.

तुमच्या गटातल्या त्या मुलाला मी दुष्ट मानत नाही. त्याला बहुधा कळलंही नसेल. जो फ्रीमन या अमेरिकन स्त्रीवादी कार्यकर्तीने १९७० साली एका भाषणात हेच मांडलं, पुढे ते 'द टिरनी ऑफ स्ट्रक्चरलेसनेस' या नावाने छापलं गेलं. आमच्याकडे कुणी पुढारी नाही असं म्हणणाऱ्या गटात पुढारी असतोच. तो दिसत नाही एवढंच, आणि दिसत नसल्यामुळे त्याला हलवता येत नाही. काही अराजकवादी या लेखावर अजून चिडतात. मी नाही चिडत. तू वाच, मोठ्याने वाच, आणि त्या मुलाच्या समोर वाच. पण लेख त्याच्या अंगावर फेकू नकोस. त्याला विचार, पुढचा सिनेमा ठरवला कुणी? आणि उत्तर येईपर्यंत थांब. थांबणं तुला जमत नाही, हे तुझ्या पत्रावरूनच दिसतं.

आता तुझी शुद्धतेची चिंता. तू लिहितेस, 'व्ही फॉर व्हेंडेटा' या सिनेमातल्या बंडखोराचा मुखवटा घातलेल्या मुलांवर तुमच्यातला कुणी हसला, कारण त्या मुखवट्याचे पैसे मोठ्या कंपनीला जातात. जातात, खरं आहे. सिनेमा वॉर्नरचा, म्हणून अधिकृत मुखवटा विकला गेला की परवान्याचे पैसे तेव्हाच्या टाइम वॉर्नर कंपनीला मिळतात, हे २०११ मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं. अ‍ॅलन मूर या मूळ लेखकाने त्या सिनेमावरून स्वतःचं नाव काढून घेतलं, हेही खरं. पण हसणाऱ्याने तिथेच थांबू नये. मूर आणि डेव्हिड लॉइड यांची मूळ चित्रकथाच उघड. व्ही हा मुखवट्यातला बंडखोर इव्ही या तरुणीला खोट्या तुरुंगात कोंडतो, तिचे केस कापतो, तिचा छळ करतो आणि म्हणतो, मी तुला मुक्त केलं. ठरवलं कुणी? त्याने एकट्याने. इव्हीला विचारलं नाही, लंडनला विचारलं नाही. या पुस्तकाला मी वाईट म्हणत नाही, त्यात तो प्रश्न टोचत राहतो आणि तो टोचावा म्हणूनच तो प्रसंग तिथे आहे. पण परवान्याचे पैसे कुणाला गेले यावर तुम्ही संध्याकाळभर भांडलात आणि त्या कोठडीवर एक शब्द कुणी बोललं नाही, याचं मला दुःख होतं. कंपनीकडे बोट दाखवणं सोपं असतं. आपल्या आवडत्या नायकाकडे दाखवायला जड जातं.

आणि एमा गोल्डमन या अराजकवादी कार्यकर्तीचं ते वाक्य, नाचता येत नसेल तर ती क्रांती मला नको, तू पत्राच्या सुरुवातीलाच लिहिलं आहेस. ते तिने तसं कधी लिहिलेलं नाही. १९७३ साली टी-शर्टवर छापण्यासाठी तिच्या आत्मचरित्रातल्या एका प्रसंगावरून ते बेतलं गेलं. 'लिव्हिंग माय लाइफ', १९३१. त्यातला मूळ प्रसंग टी-शर्टपेक्षा कितीतरी तिखट आहे. ती तरुण आहे, नाचते आहे, आणि तिच्याहून लहान असलेला एक सहकारी गंभीर चेहरा करून तिला बाजूला घेतो आणि समजावतो की चळवळीत काम करणाऱ्या बाईला असं नाचणं शोभत नाही. ती भडकते. स्वतःचं काम बघ म्हणते. तिचं भांडण नाचाच्या हक्कापेक्षा मोठं होतं. माझ्या अंगाचं काय करायचं हे चळवळीच्या नावाने दुसऱ्या कुणी ठरवायचं नाही, असं ते भांडण होतं. आता पुन्हा तुमच्या गटाकडे बघ. तुमच्यात मुली कमी बोलतात असं तूच लिहिलंस. ते कुणी ठरवलं?

एवढं वाचून तुला वाटेल की बाई नुसत्या चुका काढतात. तसं नाही ग. मी आयुष्यभर हे सिनेमे, ही गाणी उराशी धरून जगले आहे. माझं प्रेम जिथे आहे तिथेच मी हा प्रश्न विचारते.

१९१३ साली पॅरिसमध्ये काही अराजकवाद्यांनी आणि कामगार संघटनेतल्या लोकांनी 'सिनेमा द्यू पप्ल' नावाची सहकारी संस्था काढली. सिनेमा तेव्हा अगदी नवा होता आणि पडद्यावरचा कामगार म्हणजे एकतर दारुडा नाहीतर चोर. त्यांनी ठरवलं, आपलं आपण दाखवू. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या हालांवर त्यांनी सिनेमा केला. मग १९१४ मध्ये आर्मान गेर्राने दिग्दर्शित केलेला पॅरिस कम्यून या कामगारांच्या उठावावरचा 'ला कोम्यून' आला, ज्याच्या शेवटी १८७१ च्या लढ्यातून वाचलेली खरी म्हातारी माणसं पडद्यावर उभी राहतात. महायुद्ध सुरू झालं आणि संस्था संपली. सिनेमे म्हणून ते थोर नाहीत. पण ज्यांचा इतिहास होता त्यांनीच तो कसा सांगायचा ते ठरवलं, आणि ते तेव्हा पृथ्वीवर जवळजवळ कुठेच होत नव्हतं.

याच्या शेजारी दिग्दर्शक बुन्युएलचा 'लास उर्देस' ठेव. १९३३. स्पेनमधल्या अत्यंत दरिद्री डोंगराळ भागावरचा लघुपट. त्याला पैसे दिले रामोन आसीन यांनी. उएस्का शहरातले चित्रकलेचे शिक्षक, शिल्पकार, सीएनटी या अराजकवादी कामगार संघटनेचे कार्यकर्ते. लॉटरी लागली तर तुझ्या सिनेमाला पैसे देईन, असं ते बुन्युएलला म्हणाले होते. लागली, आणि त्यांनी शब्द पाळून २०,००० पेसेटा दिले. स्पेनच्या तेव्हाच्या प्रजासत्ताक सरकारने सिनेमावर बंदी घातली. १९३६ च्या ऑगस्टमध्ये त्या सरकारविरुद्ध उठलेल्या जनरल फ्रँकोच्या बाजूच्या लोकांनी आसीन यांना गोळ्या घातल्या आणि थोड्याच दिवसांनी त्यांच्या पत्नी कोंचिता मोन्रास यांनाही. दोन मुली मागे राहिल्या. आसीन यांच्याबद्दल वाचताना अजूनही माझा गळा दाटतो. मिळालेला पैसा त्यांनी असा दिला की देताना त्याला एकही दोरा बांधला नाही.

पण मुली, सिनेमा बघताना डोळे उघडे ठेव. कड्यावरून कोसळणारी ती बकरी नुसती घसरून पडलेली नाही, तिच्यावर गोळी झाडली आहे, आणि चौकटीच्या कडेला धूर दिसतो. मधमाश्यांनी मारलेलं गाढव तर मुद्दाम त्यांच्या तोंडी दिलं होतं. निवेदक त्या माणसांबद्दल थंडपणे बोलत राहतो. उर्देसच्या लोकांना आपण जगाला कसं दिसावं हे कुणी विचारलं? आसीन यांच्या पैशाने, एका मोठ्या कलावंताने, गरिबांच्या बाजूने, गरिबांना न विचारता केलेला हा सिनेमा आहे. काही अभ्यासक म्हणतात की तो निवेदकाचा थंडपणाच सिनेमाचा हल्ला आहे, आपल्या बघण्यावरचा. असेल. मला ते अर्धं पटतं. मी तो कधीच सोडून दिला नाही, आणि त्याला पूर्ण माफही केलं नाही.

गाण्यांचं बघ. गाणी लिहिणारा अमेरिकेतला कामगार जो हिल तुला माहीत आहे, त्याला १९१५ मध्ये युटा राज्यात गोळ्या घालून मृत्युदंड दिला हेही. पण तो आणि त्याचे आयडब्ल्यूडब्ल्यू या कामगार संघटनेतले सोबती काय करत ते नीट बघ. रस्त्यावर त्यांची भाषणं सुरू झाली की साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती संस्थेचा बँड वाजू लागे आणि भाषण बुडे. त्यांनी त्याच भजनांच्या चाली उचलल्या आणि त्यांत आपले शब्द भरले. खिशात मावेल असं गाण्यांचं लाल पुस्तक १९०९ पासून निघत राहिलं. हिलने एका पत्रात लिहिलं आहे की पत्रक कितीही चांगलं असलं तरी एकदाच वाचलं जातं, गाणं मात्र पाठ होतं आणि पुन्हा पुन्हा म्हटलं जातं. चाल कुणाची, हे विचारायला तिथे कुणी थांबलं नाही. गाताना कडवं बदलायचं असेल तर गाणाऱ्याने बदलावं. ठरवणारा तोच.

आणि क्रास. या पंक बँडवर मी तुझ्याशी तासभर बोलू शकते, पण त्यांच्या आवाजाबद्दल नाही. तो तुला आवडो न आवडो. १९७७ साली इंग्लंडमध्ये एपिंगजवळच्या, कुणालाही खुल्या असलेल्या एका घरात, डायल हाउसमध्ये, ही मंडळी जमली. सेक्स पिस्टल्स या दुसऱ्या पंक बँडने आदल्या वर्षी ईएमआय या बड्या रेकॉर्ड कंपनीकडून अराजकावरचं गाणं काढलं होतं आणि सगळं जग त्यालाच बंड समजत होतं. क्रासने रेकॉर्डच्या वेष्टनावरच किंमत छापली: याहून जास्त देऊ नका. 'स्टेशन्स ऑफ द क्रास' हा दोन तबकड्यांचा संच, वर छापलेलं, ३ पौंड. दुकानदाराने वाढवून विकायचं ठरवलं तर गिऱ्हाइकाच्या हातात पुरावा होता. मला हे त्यांच्या कुठल्याही घोषणेपेक्षा मोठं वाटतं. गाण्यात मालकाला शिव्या देणं कुणालाही जमतं.

पण त्यांच्या पहिल्याच रेकॉर्डची गोष्ट तुला माहीत हवी. 'द फीडिंग ऑफ द फाइव्ह थाउजंड' आयर्लंडमधल्या कारखान्यात छापायला गेली. तिथल्या कामगारांनी पहिला तुकडा छापायला नकार दिला, कारण तो त्यांना ईश्वरनिंदा वाटला. मग बँडने त्या जागी शांतता ठेवली आणि तिला नाव दिलं, 'द साउंड ऑफ फ्री स्पीच'. त्यानंतर त्यांनी स्वतःची कंपनी काढली. मी तरुण असताना ही गोष्ट बँडच्या बाजूने सांगायची. मग एकदा एका बाईने, जिने या विषयावरचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं, मला विचारलं, म्हणजे कामगारांनी आपल्या हातांनी काय करायचं नाही ते ठरवलं, तर तुम्हाला ते आवडलं नाही? मी गप्प झाले. मला आजही याचं पुरतं उत्तर देता येत नाही. दोघांनीही ठरवलं. कामगारांनी हात मागे घेतले, बँडने ती जागा रिकामी आहे असं उघड दाखवलं आणि स्वतःचा रस्ता काढला. कुणी कुणावर सक्ती केली नाही. इतकं मी म्हणू शकते. तुमच्या गटात हा प्रसंग मांड, आणि त्या वाचणाऱ्या मुलाला शेवटी बोलायला सांग.

आता अवघड भागाकडे येते. तू विचारलंस, तुमचा गट तुम्ही का सोडलात. लोक तुला काय सांगतात ते मला माहीत आहे.

आम्ही सिनेमे दाखवायचो. वर्गणी काढून, उसना प्रोजेक्टर आणून. कुठला दाखवायचा ते सगळे मिळून ठरवायचो, आणि ठरायला कधीकधी सिनेमापेक्षा जास्त वेळ लागायचा. मग एका मोठ्या संस्थेने जागा देऊ केली, पैसे देऊ केले. अट साधी होती: यादी आधी त्यांच्याकडे पाठवायची. आमच्यातले दोघे गेले, सही करून आले, आणि मग आम्हाला सांगितलं. मी म्हटलं, सगळे बसू आणि ठरवू. ते म्हणाले, बसलो असतो तरी बहुमत आमच्याच बाजूने पडलं असतं. ते खरं होतं, मला माहीत होतं. मी म्हटलं, पडेना का, पण आधी पडू तर दे. त्यांना हा आडमुठेपणा वाटला. मी बाहेर पडले.

त्यानंतर त्यांनी चांगले सिनेमे दाखवले, माझ्यापेक्षा जास्त लोकांना दाखवले, आणि संस्थेचा रस संपला तेव्हा गटही संपला. सही करणाऱ्यांपैकी एक माझा फार जवळचा मित्र होता. आमचं बोलणं तुटलं ते पुन्हा जुळलं नाही, आणि आता तो या जगात नाही. त्याचं दुःख मला आहे आणि ते राहणार. पण त्या सहीचं मी समर्थन करावं, असं कुणी माझ्याकडून अपेक्षू नये. म्हातारपणी माणसं मऊ होतात म्हणे. या एका बाबतीत मी झाले नाही.

म्हणून पातागोनियाची गोष्ट माझा पिच्छा सोडत नाही. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला, सांता क्रूझमध्ये, १९२०-२१ साली मेंढपाळ आणि शेतमजुरांनी संप केला. मागण्या किती लहान होत्या: झोपायला बरी जागा, रात्री मेणबत्त्या, औषधांच्या पेटीवरच्या सूचना इंग्रजीऐवजी स्पॅनिशमध्ये. वारेला नावाचा लष्करी अधिकारी सैन्य घेऊन आला. ऑस्वाल्दो बायेर यांनी पुढे वर्षानुवर्षं खपून हा सगळा इतिहास गोळा केला. त्यांच्या मोजणीनुसार सुमारे दीड हजार मजुरांना गोळ्या घातल्या गेल्या. एक्तोर ओलिवेराने त्यावर 'ला पातागोनिया रेबेल्दे' हा सिनेमा केला, १९७४ मध्ये. बर्लिनमध्ये त्याला रौप्य अस्वल मिळालं, देशात तो काही महिन्यांतच पडद्यावरून गेला आणि बायेर यांना देश सोडावा लागला.

त्यातली सभा बघ. ला अनिता या मेंढपाळीच्या जमीनदारीत संपकरी जमले आहेत. सैन्य जवळ आलं आहे. शरण जायचं की लढायचं, यावर चर्चा होते. आंतोनियो सोतो, संपाचा पुढारी, सांगतो की शरण जाऊ नका, हे तुम्हाला मारतील. पाब्लो शुल्त्स नावाचा जर्मन अराजकवादीही शरण जायच्या विरोधात आहे. सभा मात्र ठरवते, शरण जायचं. सोतो काही सोबत्यांना घेऊन घोड्यावरून निघून जातो आणि चिलीत पोचतो. शुल्त्स म्हणतो, मला हे पटलेलं नाही, पण सभेने ठरवलं आहे. तो राहतो, आणि त्याला गोळ्या घालतात.

मी हा सिनेमा कुणाबरोबर पाहिला की वाद होतो. सोतो पळाला, असं म्हणणारे असतात. शुल्त्स मूर्ख होता, असंही म्हणणारे असतात. मला दोघांपैकी कुणालाही दोष देता येत नाही. दोघांनी आपलं म्हणणं मोकळेपणाने मांडलं, दोघे हरले, आणि मग प्रत्येकाने स्वतःच्या जिवाचं स्वतः ठरवलं. सभेचा निर्णय भयंकर चुकला. मी तुला सांगते आहे की ठरवलं कुणी हे विचार, तर मी हे लपवू शकत नाही की सगळ्यांनी मिळून ठरवलेलंही माणसांना भिंतीपुढे उभं करू शकतं. तरीही मी तोच प्रश्न विचारते. कारण त्या मजुरांकडून मेणबत्तीपासून मरणापर्यंत सगळं हिरावून घेणारे लोक त्यांना काहीच विचारत नव्हते. ती सभा ही त्यांच्या आयुष्यातली कदाचित पहिली जागा होती जिथे त्यांचा हात मोजला गेला. मी गट सोडला तेव्हा स्वतःला सोतो समजले होते. पण सोतोसमोर निदान ठराव झाला होता. आमच्यात तो झालाच नाही. झाला असता आणि मी हरले असते, तर मी राहिले असते, मनात चरफडत का होईना, आणि माझ्या मित्राशी भांडत भांडत राहिले असते. असं मी म्हणते आणि मला ते खरं वाटतं.

बायेर यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली आहे. हत्याकांड उरकल्यावर सैनिकांना बक्षीस म्हणून सान हुलियानमधल्या वेश्यागृहात नेलं. तिथल्या पाच जणींनी त्यांना आत घ्यायला नकार दिला, झाडूने हाकललं. त्या पाच जणींनी कुठलं पुस्तक वाचलं होतं, हे त्या वाचणाऱ्या मुलाला विचार.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाकडे येते, तुम्हाला मिळू घातलेल्या पैशांच्या. चंबावांबा या बँडचं उदाहरण तू दिलंस, तुच्छतेने. मला ती तुच्छता आवडली नाही. लीड्समध्ये एकत्र राहणारी, मिळकत समान वाटून घेणारी ही मंडळी. ईएमआयला शिव्या देणाऱ्या संग्रहात त्यांचं गाणं होतं, आणि १९९७ मध्ये त्यांनी ईएमआयशीच करार केला. जुन्या चाहत्यांनी त्यांना गद्दार म्हटलं. २००२ मध्ये जनरल मोटर्सने जाहिरातीसाठी त्यांचं गाणं घेतलं, तेव्हा मिळालेला पैसा त्यांनी इंडिमीडिया आणि कॉर्पवॉचला दिला, म्हणजे अशा कंपन्यांच्या मागे लागणाऱ्यांना. मला तो करार पटत नाही. मी केला नसता. पण त्यांनी तो सगळ्यांनी बसून, भांडून, उघडपणे केला, आणि मला त्यांच्याकडे बोट दाखवायचा हक्क नाही. दोघांनी गुपचूप जाऊन केलेली सही आणि सगळ्यांनी मिळून केलेली सही, यांचा कागद सारखा दिसतो. मला तो सारखा वाटत नाही.

तेव्हा पैसे घ्या किंवा नका घेऊ. माझं मत घेऊ नका असं आहे, पण माझं मत तुमच्या गटात मोजू नकोस. मात्र एकही अट न वाचता घेऊ नका, आणि यादी आधी दाखवायची अट असेल तर ती मोठ्याने वाचून दाखव, कारण अशा अटी नेहमी शेवटच्या पानावर असतात.

पुढच्या वेळी केन लोचचा 'लँड अँड फ्रीडम' लावा. १९९५ चा आहे, स्पेनच्या यादवीवरचा. त्यात एक गाव मुक्त होतं आणि गावकरी जमीनदाराच्या घरात बसून ठरवतात की जमीन सगळ्यांची करायची की नाही. एक शेतकरी म्हणतो, मला माझा तुकडा हवा. एक परदेशी सैनिक म्हणतो, आत्ता नको, बाहेरची सरकारं घाबरतील. त्या दृश्यात तिथले साधे लोक आहेत, आणि ते एकमेकांना अडवत, चिडत, लांबलचक बोलतात. हात वर व्हायच्या आत सिनेमा थांबव. दिवे लाव. तुमच्या गटाला तोच ठराव दे आणि तुमचे हात मोज, मग पुढचं दाखव. बोलायला सुरुवात अशांनी करावी ज्यांनी या विषयावर काहीच वाचलेलं नाही, आणि सिनेमा थांबवायचा की नाही, हेही आधी सगळ्यांना विचार.

तुझी,
ताई